क्वाइट अ फ्यू म्हणजे किती

"मोठ्यानं वाच," धाकटे मालक म्हणाले.

माझ्या हातात मेलचा छापील कागद होता. समोर चेकिंगचा हॉल. टॉवेलचे ढीग लावलेली लांब टेबलं आणि त्यांच्यामागे अकरा बायका. दोरे कापायच्या छोट्या कात्र्या हातात तशाच धरून उभ्या. पलीकडची शिलाईची मशीनंही बंद करायला लावली होती. सकाळचे अकरा वाजले होते. कारखान्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी वाचलं. "क्वाइट अ फ्यू पीसेस हॅव पुल्ड लूप्स."

"आता मराठीत सांग. त्या दिवशी मला सांगितलंस तेच सांग."

मी कागदाची घडी घातली.

"सांग की. त्या दिवशी तर पटकन सांगितलंस."

"अगदी थोड्या टॉवेलांचे दोरे ओढले गेलेत."

मालकांच्या शेजारी मुंबईहून आलेला निर्यातीचा एजंट खुर्चीत बसला होता. तो हसला. "क्वाइट अ फ्यू म्हणजे पुष्कळ," तो म्हणाला. "माझी पोरगी सहावीत आहे, ती सांगेल."

"आणि ही बी.कॉम. आहे," मालक त्याला म्हणाले. मग बायकांकडे वळून म्हणाले, "ह्यांना मार्क सवलतीत मिळतात. भोगावं आपल्याला लागतं."

सवलतीत. हा शब्द इंग्रजी नव्हता. त्याचा अर्थ हॉलमधल्या सगळ्यांना कळला. बारावीला इंग्रजीत मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. अर्जाला मार्कलिस्ट जोडली होती. त्यांनी त्यातलं आडनाव तेवढं वाचलं होतं.

"पन्नास वेळा म्हण," मालक म्हणाले. "क्वाइट अ फ्यू म्हणजे पुष्कळ. ह्यांच्यासमोर म्हण. ए शमीम, तू मोज."

मी सव्वीस वर्षांची होते. लहान पोरांनासुद्धा आता कुणी अशी शिक्षा देत नाही. मला वाटलं ते गंमत करतायत. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. गंमत नव्हती.

मी म्हणायला लागले.

क्वाइट अ फ्यू म्हणजे पुष्कळ. शमीमआपा म्हणाली, एक. क्वाइट अ फ्यू म्हणजे पुष्कळ. दोन. पहिल्या दहापर्यंत मला लाज वाटत होती. नंतर काहीच वाटेना. जीभ आपली आपण चालत होती. शमीमआपा पन्नाशीची, तीन नातवंडांची आजी. ती माझ्याकडे न बघता, टेबलावरच्या टॉवेलकडे बघत मोजत होती. एकतीसनंतर ती एकदम अडतीस म्हणाली. मग पंचेचाळीस. मालक तेव्हा फोनमध्ये बघत होते, त्यांच्या ध्यानात आलं नाही. आपानं मला तेवढं वाचवलं. तिच्या हातात तेवढंच होतं.

पण मी म्हटलं. कागद फाडून टाकला नाही, हॉलमधून निघून गेले नाही. आज लिहिताना सगळ्यात जास्त हेच बोचतं. मी म्हटलं.

मी मोडनिंबची. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जाते. वडील कुर्डुवाडीला ठेकेदाराकडे झाडलोटीच्या कामावर होते. वडिलांचं सगळं इंग्रजी दोन शब्दांचं. येस सर. घरी कुणी मोठं माणूस आलं, मराठीत काही विचारलं, तरी त्यांच्या तोंडून येस सर निघायचं. मला लहानपणी त्याचा राग यायचा. म्हणून मी इंग्रजी शिकले. येस सरच्या पुढचं इंग्रजी.

शाळेत आमचे इंग्रजीचे सर चांगले होते. फळ्यावर रेघ मारून शिकवायचे. फ्यू म्हणजे जवळजवळ नाहीच. अ फ्यू म्हणजे थोडे, पण आहेत. क्वाइट म्हणजे अगदी. हे मी पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलं होतं. त्याचे पूर्ण मार्क मिळाले होते. मग क्वाइट अ फ्यू म्हणजे काय होतं? अगदी थोडे. कुणीही सांगावं. आजही मला वाटतं, माझा विचार चुकला नव्हता. ती भाषाच शिकवलेल्या नियमानं वागत नाही, आणि हे आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. ज्यांच्या घरात ती बोलली जाते त्यांना सांगावं लागत नाही.

आमच्या वस्तीतून बी.कॉम. झालेली मी पहिली मुलगी. सोलापुरात खोली घेतली ती पूर्व भागात, नरसम्माच्या शेजारी. नरसम्मा तेलुगू. तिच्या घरात तीन पिढ्या मागावर गेल्या. आम्ही सगळ्या तिला अम्मा म्हणायचो. टॉवेलच्या कारखान्यात ती चेकिंगची हेड होती. तिनंच मला सांगितलं, ऑफिसात मुलगी पाहिजे, परदेशी मेल वाचणारी. असं मला काम लागलं.

पहिल्या आठवड्यातच कळलं, मी शिकलेलं इंग्रजी आणि मेलमधलं इंग्रजी ह्यांची ओळख नाही.

माल घेणारी कंपनी परदेशातली. तिथली एक बाई मेल पाठवायची. बाई वाईट नव्हती. प्रत्येक मेलच्या शेवटी आभार मानायची. पण समोर बसून गप्पा माराव्यात तसं लिहायची. एकदा लिहिलं, निळा रंग अ टच डार्कर हवा. मला वाटलं, टच म्हणजे हात लावणं. हात लावला की रंग गडद लागतोय, म्हणजे रंग जातोय अशी तक्रार दिसते. मी तसंच रंगखात्याच्या मास्तरांना सांगितलं. मास्तर दोन दिवस पांढरं फडकं घासून घासून बघत बसले. रंग काही जाईना. शेवटी धाकटे मालक आले. "टच म्हणजे किंचित," ते म्हणाले. "एवढंही येत नाही तर ऑफिसात कशाला बसलीयस?" मास्तरांसमोर म्हणाले. मी सॉरी म्हटलं.

तेव्हापासून वहीत लिहून ठेवायला लागले. अ कपल ऑफ म्हणजे नवरा-बायको नव्हे, दोन. कधी दोन, कधी तीनसुद्धा. प्रिटी म्हणजे सुंदर, पण प्रिटी बॅड म्हणजे बरंच वाईट. टन्स ऑफ थँक्समध्ये वजनाचा संबंध नाही. अ बिट लेट असं ती लिहिते तेव्हा माल थोडा उशिरा नाही, खूप उशिरा पोचलेला असतो आणि ती चिडलेली असते. क्वाइट गुड म्हणजे अगदी छान नाही, चालेल इतपत. असं एकेक. फोनवरच्या डिक्शनरीत शोधायचं, सापडलं नाही तर तिच्या जुन्या मेलवरून अंदाज बांधायचा. विचारायला माणूस नव्हतं. धाकटे मालक पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेले, वर्षभर परदेशात राहून आलेले. त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी अर्थ सांगायच्या आधी माझ्या शिक्षणाबद्दल विचारलं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.

एक गोष्ट मला तेव्हाच टोचायची. ती बाई आकडा कधी लिहायची नाही. किती टॉवेल खराब, किती दिवस उशीर, रंग किती गडद, सगळं मोघम. मोघम लिहायची मोकळीक तिला होती. त्यातून नेमकं काढायची जबाबदारी माझ्यावर होती. आणि नेमकं चुकलं तर चूकही माझी.

त्या मालाचं असं झालं.

मोठी ऑर्डर होती. निम्मा माल आधी जायचा होता, निम्मा नंतर. चेकिंगमध्ये अम्माच्या हाताला लागलं की बऱ्याच टॉवेलांचे लूप ओढले जातायत. टॉवेलवर जे बारीक फासे असतात त्यांना लूप म्हणतात. एक ओढला गेला की लांब दोरा लोंबतो. अम्मा न बघता नुसत्या तळव्यानं चाचपून सांगायची. तिनं बायकांकडून खराब टॉवेल बाजूला काढून घेतले. ढीग झाला. धाकटे मालक आले, ढीग बघितला. म्हणाले, "एवढे काढले तर ट्रक कशानं भरू? आत घाला परत."

"साहेब, हे जाणार नाही," अम्मा म्हणाली. "तिकडून वापस येईल."

"तुला विचारलं का?"

तिनं आत घातले. बायकांनी आत घातले. निम्मा माल असा गेला.

पंधरा-वीस दिवसांनी मेल आला. क्वाइट अ फ्यू पीसेस हॅव पुल्ड लूप्स. उरलेला माल पाठवण्याआधी बघून घ्या, असं खाली लिहिलेलं. मी साडेनऊला ऑफिसात आले, वाचला. दहाच्या सुमारास धाकट्या मालकांचा फोन आला.

"त्या बाईचा मेल बघितलास? काय म्हणते?"

"अगदी थोड्या टॉवेलांचे दोरे ओढलेत म्हणते. बाकीचा बघून पाठवा म्हणते."

"हां. मग जाऊ दे गाडी."

संध्याकाळी ट्रक गेला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. बाईच्या कंपनीनं सगळा माल नाकारला. एजंट मुंबईहून आला. आणि मला हॉलमध्ये उभं केलं.

त्या दिवशी दुपारी मी जेवायला गेले नाही. अम्मा जिन्यात आली, माझ्या हातात भाकरीचा तुकडा ठेवला. रविवारी मी मोडनिंबला गेले. आईला सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "शिकलीस म्हून काय झालं. मालक हाय त्यो. मान खाली घालून ऱ्हा. लई दिवस न्हाय लागत कामावरनं काढायला."

"आई, त्यांनी मला सगळ्यांपुढं..."

"व्हय, कळतंय मला. मला काय कळत न्हाय व्हय?"

आई चुलीकडं वळली. तिला काय काय कळतंय ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली की ती सांगेल.

मी सोमवारी परत कामावर गेले. घरी पाठवायचं होतं, खोली होती, दुसरं काम नव्हतं. आठवडाभर शिलाईतल्या पोरी मला बघून कुजबुजायच्या, क्वाइट अ फ्यू. एक-दोघी हसायच्या. मी वहीत लिहिणं बंद केलं. सोपं वाक्यसुद्धा चार चारदा तपासायची. थँक यू लिहिलेलं असलं तरी वाटायचं, ह्यात काहीतरी दडलेलं असणार.

मग एजंटनं सगळा पत्रव्यवहार छापून मागितला. धाकट्या मालकांनी त्यांच्या फोनवरून एक मेल मला पुढे पाठवला. वर लिहिलं, प्रिंट काढून फाईल कर. मी प्रिंट काढली. एक पान असेल असं वाटलं होतं. तीन निघाली, मेलला जोडलेली उत्तरंही छापून आली होती.

पहिल्या पानावर बाईचा मेल. तोच.

दुसऱ्या पानावर त्याला उत्तर. धाकट्या मालकांचं. ग्लॅड इट इज ओन्ली अ फ्यू. रेस्ट विल गो टुडे. थोडेच आहेत हे वाचून बरं वाटलं, बाकीचा माल आज जाईल. वर वेळ होती. सकाळचे सात चाळीस.

मी तो आकडा कितीतरी वेळ बघत बसले. सात चाळीस. मी ऑफिसात आले साडेनऊला. त्यांचा फोन आला दहाला. म्हणजे मला विचारायच्या आधी त्यांनी मेल वाचला होता. मला विचारायच्या आधी उत्तर दिलं होतं, मग खात्रीसाठी विचारलं असेल. आणि मला जो अर्थ लागला तोच त्यांना लागला होता. पुण्याच्या शाळेत शिकून, परदेशात राहून, तोच.

तिसऱ्या पानावर बाईचं पुन्हा पत्र. नुसतं त्यांनाच आलेलं. आय अॅम अफ्रेड यू हॅव मिसरेड मी. अफ्रेड म्हणजे भ्यालेली, हे शाळेतलं. मी डिक्शनरी उघडली. बाई भ्यालेली नव्हती. माफ करा, पण तुम्ही माझं चुकीचं वाचलंय, असं म्हणत होती. क्वाइट अ फ्यू म्हणजे पुष्कळ असं तिनं साध्या इंग्रजीत खाली समजावून सांगितलं होतं. शिकवावं तसं. एकदाच. कुणाला पन्नास वेळा म्हणायला न लावता.

तारीख बघितली. ट्रक जाऊन चार दिवस झाले होते. मला हॉलमध्ये उभं केलं त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे त्यांना तो अर्थ त्या बाईनं शिकवला होता, आणि ते गप्प बसले होते. मग शिकलेला धडा माझ्या तोंडून वदवून घेतला होता.

राग होता असं लिहिलं तर बरं दिसेल. पण राग नंतर आला. आधी सुटल्यासारखं वाटलं. मी मूर्ख नव्हते. मग लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच शिसारी आली. मी मूर्ख नाही, हे कळायला मला त्यांची चूक सापडावी लागली होती.

मी कुणाला काही बोलले नाही. पानं फाईलला लावली. एकेक जादा प्रत काढून टेबलाच्या खणात ठेवली. बोलायचं कुणाजवळ, तेच कळेना. अम्माला सांगितलं असतं तर ती हॉलमध्ये बोलली असती आणि तिचं काम गेलं असतं. मी घाबरले होते, हे खरं.

चार दिवसांनी धाकटे मालक चेकिंग हॉलमध्ये आले. हातात एक कागद. मला बोलावून घेतलं. कागद एजंटच्या ऑफिसातून तयार होऊन आला होता, इंग्रजीत. खाली अकरा बायकांची नावं, त्याखाली माझं नाव. नावांपुढं सहीसाठी रेघा.

"माल परत आलाय त्याबद्दल तिकडं एक पत्र पाठवायचंय," ते बायकांना म्हणाले. "तुमच्याच भल्याचं आहे. तुम्ही कष्टानं चेकिंग केलं असं लिहिलंय. सह्या करा, अंगठा असेल त्यांनी अंगठा द्या."

मी कागद वाचला. द चेकर्स हार्डली चेक्ड द गुड्स. पुढचं वाक्य माझ्याबद्दल. ऑफिसच्या मुलीनं चुकीचा अर्थ सांगितला म्हणून माल गेला.

हार्डली. हा शब्द मला येत होता. टच डार्करनंतर कधीतरी शोधून वहीत लिहिला होता. हार्ड म्हणजे कष्टाचं, कठीण. त्याला शेपूट लागलं की अर्थ उलटतो. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. त्या कागदात लिहिलं होतं, आम्ही माल तपासलाच नाही म्हणा ना. त्या खाली सह्या घ्यायच्या होत्या. सह्या झाल्या की त्या कागदावर अकराच्या अकरा बायकांना घरी पाठवता आलं असतं, आणि कुणी विचारलं असतं तर दाखवायला त्यांचीच कबुली.

धाकट्या मालकांना तो अर्थ ठाऊक होता की त्यांनी पुन्हा चुकीचा वाचला होता, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हाही त्याचा विचार केला नाही. अर्थ काहीही लागला तरी मरणार होत्या त्या बायकाच.

पेन पहिल्यांदा अम्माच्या हातात दिलं. अम्माला तेलुगू वाचता यायचं, मराठी अक्षरं जेमतेम. तिनं कागद उलटसुलट करून बघितला.

"काय लिवलंय गं पोरी ह्याच्यात? वाचून सांग की."

"मी सांगितलं ना काय लिहिलंय," मालक म्हणाले. "हिचं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे." शिलाईकडून कुणीतरी हसलं. मग ते माझ्याकडे वळले. "बरं, तूच सांग. हार्ड म्हणजे काय?"

"कष्टाचं."

"झालं. करा सह्या."

अम्मानं पेन उघडलं.

तेवढा वेळ मला अजून आठवतो. फार वेळ नव्हता. पेनाचं टोपण निघून कागदावर टोक टेकेपर्यंतचा. मी गप्प राहिले असते तर त्या दिवशी काहीच झालं नसतं. वडील आठवले. हात बांधून उभे, कुणापुढं तरी. मला वाटलं, माझ्या तोंडून आता तेच दोन शब्द निघणार.

"सही करू नका, अम्मा," मी म्हटलं.

हॉलमधल्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मराठीत, सावकाश सांगितलं. "हार्ड वेगळं, हार्डली वेगळं. ह्याच्यात लिहिलंय की तुम्ही माल तपासलाच नाही, नावाला तपासला. त्याच्याखाली तुमची सही मागतायत."

शमीमआपा पुढे आली. "सच बोलती क्या तू? कुरान की कसम खा की."

"माझं खोटं असेल तर कुणाकडूनही वाचून घ्या, आपा. कुठल्याही शाळेतल्या सरांकडून. पण आधी सही करू नका."

"तुला कुणी विचारलं?" धाकटे मालक म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. मला जास्त भीती वाटली.

"तुम्हीच विचारलंत."

"हार्ड म्हणजे काय, एवढं विचारलं."

"आणि क्वाइट अ फ्यू म्हणजे काय, ते मला विचारायच्या आधी तुम्ही उत्तर पाठवलं होतं. सकाळी सात चाळीसला. ओन्ली अ फ्यू, असं लिहून. मी चुकले. पण माझ्या आधी तुम्ही चुकलात. आणि खराब टॉवेल अम्मानं बाजूला काढले होते, ते तुम्ही आत घालायला लावलेत. मी सही करणार नाही."

एका दमात म्हटलं. टेबलाला टेकून उभी राहिले.

अम्मानं पेनाला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं. तिच्याशेजारच्या बाईनं ते उचललं नाही. त्याच्या पलीकडचीनंही नाही.

धाकटे मालक माझ्याजवळ आले. "बाहेर हो," म्हणाले. एवढंच.

मी टेबलाकडे गेले, खण उघडला. प्रती घेतल्या, पिशवीत टाकल्या. गेटवर वॉचमननं पिशवी रिकामी करायला लावली. फोन आला होता त्याला आतून. डबा उघडून बघितला, वही चाळली, ओढणी झटकायला सांगितली. येणारे-जाणारे बघत होते. ती तीन पानं त्यानं काढून घेतली. "माझा नाईलाज हाय ताई," म्हणाला. खरंच नाईलाज असेल त्याचा. पण पानं गेली. कंपनीचा मेल त्याच दुपारी मला बंद झाला. माझ्याजवळ सात चाळीसचा पुरावा म्हणून आता माझी आठवण तेवढी आहे.

इथं गोष्ट चांगली संपली असती तर मलाही आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी बायकांना एकेकटीला आत बोलावलं. अकरांपैकी सात जणींनी सही केली. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाच्या पोरीचं लग्न तोंडावर. त्यांना काय बोलू? अम्मा, शमीमआपा आणि दोघी, अशा चौघींनी नाही केली. चौघींना त्याच दिवशी काढलं. सही केलेल्या सात जणींना दोन महिन्यांनी काढलं, तोच कागद दाखवून. त्यांतली एक मला भाजी मंडईत भेटली. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू गप बसली असतीस तर निदान सगळ्या एकदम नसत्या गेल्या." हे बरोबर आहे का, मी कितीदा विचार केला. उत्तर सापडत नाही. मी त्या बाईला अजून टाळते.

मला कुठं काम मिळेना. जिथं जाते तिथं आधीच्या जागेचा अनुभवाचा दाखला मागतात. दोन ठिकाणी तर होकार झाला आणि मग एक फोन झाला, नकार आला. मुलांच्या शिकवण्या घेते. घरी पाठवता येत नाही.

आम्ही पाच जणींनी सरकारी कामगार ऑफिसात तक्रार दिली. मी लिहिली, मराठीत. तिथल्या कारकुनानं वरून खाली नजर फिरवली. "इंग्रजीत असती तर जरा वजन पडलं असतं," म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या, मराठीतच. कारखान्याच्या वकिलाचं उत्तर आलं ते इंग्रजीत, आठ पानांचं. अम्माच्या घरी चटईवर आम्ही पाच जणी बसलो. मी एकेक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची. जिथं कळलं नाही तिथं स्पष्ट म्हणायची, हे मला कळलं नाही, विचारून सांगते. शमीमआपा दर वाक्याला विचारायची, "थोडा बोले के बहोत बोले?" चार संध्याकाळी लागल्या. मग पहिली तारीख पडली. त्यांच्याकडून कुणी आलं नाही. दुसरी पडली. कामगार ऑफिसातले साहेब रजेवर होते. शमीमआपाचा गुडघा गेला, ती आता येत नाही. दोघी दुसऱ्या कारखान्यात लागल्या, त्यांना तारखेला सुट्टी मिळत नाही. अम्मा आणि मी उरलो.

गेल्या आठवड्यात निरोप आला. कारखान्याचा जुना मुनीम खोलीवर आला होता. म्हणाला, "धाकटे मालक दाखला देतील. चांगला देतील. तू फक्त दोन ओळी लिहून दे, माझ्याकडून बोलताना चूक झाली, माफ करा. तक्रार मागं घे. पोरी, अजून वय हाय तुझं."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांचा काही दोष नाही.

मग सांगितलं. एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा सांगितला. ती माझी चूक. तक्रारीच्या पहिल्याच पानावर मी ती लिहिली आहे, खाली माझी पूर्ण सही आहे, आडनावासकट. दुसरी चूक माझ्याकडून झालेली नाही. मी हॉलमध्ये बोलले, त्याची माफी मी मागणार नाही. दाखला मिळाला नाही तरी नाही.

पुढची तारीख बावीसची आहे. अम्माला बरं वाटलं तर ती येईल. नाही आली तर मी एकटी जाईन. त्याच्या पुढच्या तारखेलाही जाईन. त्यांनी कुणाला पाठवलं नाही, तर कुणी आलं नाही अशी नोंद करायला लावीन आणि ती नोंद वाचून, समजून, मगच घरी येईन.